सीजीपीएचा हिशेब, वहीच्या एका पानावर

पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, सरासरी बरोबर आठ!" अर्ध्या तासाने पुन्हा फोन, या वेळी आवाज चढलेला. "मार्कशीटवर ७.७८ छापलंय. चूक आहे. मी अर्ज देणार."

म्हटलं, आधी फोटो पाठव, अर्जाचं नंतर बघू. फोटो आला. मार्कशीट बरोबर होती, भागाकार चुकला होता. सहा विषयांचे सहा ग्रेड पॉइंट त्याने मिळवले, सहाने भागले आणि मोकळा झाला. त्या दिवसापासून त्याच्या सत्रांचा हिशेब माझ्याकडे आला. दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च जुळवणारी बाई मी, मला यातलं गणित जड गेलं नाही. पण पाय कुठे कुठे घसरतो ते नीट कळलं, काही ठिकाणी माझाच घसरला, म्हणून लिहून ठेवते.

मार्कशीटवर प्रत्येक विषयासमोर कामाचे आकडे दोनच: क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट. मार्क फक्त ग्रेड ठरेपर्यंत लागतात, पुढे हिशेबातून बाद. ए ग्रेड ७० पासून ७९ पर्यंत असेल, तर ७० वाल्याला आणि ७९ वाल्याला सारखाच पॉइंट. (हा अन्याय आहे की नाही यावर भाऊ तासभर बोलू शकतो. त्याचे ७९ होते.) कुठल्या ग्रेडला किती पॉइंट, हे संस्थेगणिक बदलतं. दहाच्या पट्टीवर नेहमी दिसणारा तक्ता असा: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि नापास शून्य. चारच्या पट्टीवर ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १. तुमचा तक्ता मार्कशीटच्या पाठीमागे किंवा नियमावलीत छापलेला असतो. तोच धरायचा, मित्राच्या कॉलेजचा नाही.

भावाचं पहिलं सत्र असं होतं. आधी क्रेडिट, मग ग्रेड पॉइंट, मग दोघांचा गुणाकार:

गणित: ४ × ७ = २८
भौतिकशास्त्र: ४ × ८ = ३२
रसायनशास्त्र: ३ × ६ = १८
प्रोग्रॅमिंग: ३ × ८ = २४
संवादकौशल्य: २ × ९ = १८
प्रयोगशाळा: २ × १० = २०

क्रेडिटची बेरीज १८, गुणाकारांची बेरीज १४०. आता १४० भागिले १८, उत्तर ७.७८. हा झाला त्या सत्राचा एसजीपीए. भावाचे ९ आणि १० आले ते दोन-दोन क्रेडिटच्या विषयांत, आणि रसायनशास्त्रातला ६ बसला तीन क्रेडिटच्या विषयावर. सरळ सरासरी काढताना त्याने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, म्हणून आठ दिसले. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. वजन न करता भाव लावला तर हिशेब चुकणारच.

इथपर्यंत बहुतेकांना जमतं. खरी गंमत दुसऱ्या सत्रानंतर.

दुसऱ्या सत्रात क्रेडिट २४, गुणाकारांची बेरीज १६८, एसजीपीए ७.००. मग दोन्ही मिळून किती? भाऊ म्हणाला, ७.७८ आणि ७ मिळवून दोनने भाग, ७.३९. पुन्हा तीच चूक, फक्त एक पायरी वर चढून. पहिलं सत्र १८ क्रेडिटचं, दुसरं २४ चं. दोघांना सारखा मान कसा द्यायचा? १४० आणि १६८ मिळून ३०८, १८ आणि २४ मिळून ४२. ३०८ भागिले ४२ म्हणजे ७.३३. हा सीजीपीए, म्हणजे आजवरच्या सगळ्या सत्रांची मिळून सरासरी. प्रत्येक सत्राचे क्रेडिट सारखेच असतील तर सरळ सरासरी काढूनही उत्तर बरोबर येतं, आणि त्यामुळेच ही चूक कित्येकांना वर्षानुवर्षं सापडत नाही.

म्हणून माझ्या वहीत सरासरी जपायचीच नाही असा नियम आहे. जपायच्या दोन चालू बेरजा: आजवरचे क्रेडिट आणि आजवरचे पॉइंट, म्हणजे वरच्या गुणाकारांची बेरीज. पानावर प्रत्येक सत्राची एक ओळ. त्या सत्राचे क्रेडिट, त्या सत्राचे पॉइंट, मग दोन्ही चालू बेरजा, आणि शेवटच्या रकान्यात भागाकार. आपल्या पासबुकात शिल्लक जशी ओळीगणिक पुढे सरकते, तसंच. तिसऱ्या सत्राला २२ क्रेडिट आणि १८७ पॉइंट आले, एसजीपीए ८.५०. चालू बेरजा ६४ आणि ४९५ झाल्या, सीजीपीए ७.७३. मागचं एकही पान उलटावं लागलं नाही.

छापील एसजीपीएला क्रेडिटने गुणून पॉइंट काढायचा मोह होतो. ७.७८ गुणिले १८ केलं की १४०.०४ येतात, कारण ७.७८ हा आधीच पूर्णांकित केलेला आकडा आहे. फरक लहान असला तरी जो गुणाकार पूर्ण आकड्यात यायलाच हवा त्याला शेपूट कशाला? जुनी मार्कशीट हरवली असेल तरच हा मार्ग धरा आणि उत्तर जवळच्या पूर्ण आकड्यावर आणा. काही ठिकाणी तिसरा दशांश सरळ कापून टाकतात, तिथे हाच एसजीपीए ७.७७ छापला जातो. तेव्हा ०.०१ चा फरक दिसला म्हणून घाबरायचं नाही.

त्याहून मोठा फरक दिसला तर मात्र शोधायचा. तिसऱ्या सत्राला माझ्या वहीत आधी ८.६२ आले होते आणि मार्कशीटवर ८.५०. सगळे गुणाकार दोनदा तपासले, बरोबर. मग क्रेडिटची बेरीज पाहिली: माझी २१, छापील २२. चार क्रेडिटचा एक विषय मी तीनचा लिहिला होता, आणि त्यात नेमका ६ होता. कमी ग्रेडचं वजन कमी धरलं म्हणून सरासरी फुगली. तेव्हापासून आधी क्रेडिटची बेरीज जुळवते, बाकीचं नंतर. ती जुळली नाही तर पुढे बघण्यात अर्थ नाही.

बिनक्रेडिटचे विषय, आणि ज्यांना नुसता पास असा शेरा मिळतो ते, वहीत वेगळे लिहा; ग्रेड पॉइंटच नाही तर सरासरीत काय धरणार? दुसऱ्या संस्थेतून आणलेल्या क्रेडिटचंही पुष्कळदा असंच असतं: पदवीच्या मोजणीत धरतात, सरासरीत धरत नाहीत. आपला नियम वाचून घ्यायचा.

आता केटी, म्हणजे नापास झालेला, पुन्हा परीक्षा देऊन सोडवायचा विषय. वर दुसऱ्या सत्राचे १६८ पॉइंट लिहिले, ते केटी सुटल्यानंतरचे. निकाल लागला तेव्हा चार क्रेडिटचा एक विषय राहिला होता आणि पॉइंट होते १४४. इथे नियम दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात नापास विषयाचे क्रेडिट भाजकात धरतात आणि पॉइंट शून्य: १४४ भागिले २४, म्हणजे ६.००. दुसऱ्या प्रकारात विषय सुटेपर्यंत त्याचे क्रेडिटच मोजत नाहीत: १४४ भागिले २०, म्हणजे ७.२०. मुलगा तोच, पेपर तेच, आणि आकड्यात सव्वा पॉइंटाच्या आसपास फरक.

भावाकडे दुसरा प्रकार होता. त्यामुळे केटी असताना त्याचा सीजीपीए २८४ भागिले ३८, म्हणजे ७.४७ दिसायचा. पुढे विषय सुटला, ६ ग्रेड पॉइंट मिळाला, आणि फोन आला. "ताई, मी पास झालो आणि सीजीपीए कमी झाला!" खरंच ७.४७ चे ७.३३ झाले होते. चार क्रेडिट आत आले ते ६ च्या दराने, आणि आधीची सरासरी ६ पेक्षा वर होती, मग खाली ओढली जाणारच. पहिल्या प्रकारचा नियम असता तर हाच विषय सुटल्यावर ६.७६ वरून ७.३३ वर चढला असता आणि घरात पेढे वाटले असते. दोन्हीकडे शेवटचा मुक्काम एकच. म्हणून केटी असेल तेव्हा वहीत दोन आकडे लिहा: आजचा, आणि विषय किमान पास ग्रेडने सुटला तर किती होईल तो. दुसरा आकडा पाहून ठेवला की नंतर धक्का बसत नाही. सुटलेल्या विषयाची जुनी ओळ खोडायची नाही, बाजूला तारीख टाकून नवीन लिहायची. पुन्हा परीक्षा दिल्यावर कुठे नवी ग्रेड जुनीच्या जागी बसते, कुठे दोन्ही मोजतात. तेही नियमावलीत बघून पानाच्या डोक्यावर एका ओळीत लिहून ठेवा.

या पानाचा खरा उपयोग पुढचं बघायला होतो. भावाला शेवटी ८.०० हवे होते. पूर्ण अभ्यासक्रम १६० क्रेडिटचा. ८ गुणिले १६० म्हणजे १२८० पॉइंट लागणार. हातात ४९५. राहिले ७८५, आणि क्रेडिट उरले ९६. ७८५ भागिले ९६ म्हणजे ८.१८. यापुढे प्रत्येक सत्राला सरासरी इतकी राखली की झालं, आणि त्याचं नुकतंच झालेलं तिसरं सत्र ८.५० चं होतं. ८.५ ची हौस असेल तर याच रीतीने ९.०१ निघतात. उरलेल्या सगळ्या विषयांत १० मिळाले तरी ९.०९ च्या वर जाता येत नाही. हे आकडे समोर ठेवल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला.

हा हिशेब लवकर केलेला बरा, कारण बेरजा वाढत जातात तसा सीजीपीए जड होत जातो. ६४ क्रेडिट झाले असताना चार क्रेडिटच्या एका विषयात एक ग्रेड वाढली तर सीजीपीए ०.०६ ने हलतो. १६० वर तेवढ्याच कष्टाने ०.०२५ ने. त्याच्या एका मित्राने शेवटच्या सत्राआधी मला विचारलं. १४० क्रेडिट, सीजीपीए ७.६०, आठ कसे होतील? १२८० वजा १०६४, राहिले २१६, क्रेडिट उरले २०. म्हणजे १०.८. दहाच्या पट्टीवर. मी त्याला आकडा पाठवला, वर काही लिहिलं नाही.

वही नको असेल तर एक्सेल किंवा गूगल शीट. एका स्तंभात क्रेडिट, शेजारी ग्रेड पॉइंट. समप्रॉडक्ट हे सूत्र दोन्ही स्तंभांचे गुणाकार करून बेरीज देतं, तिला क्रेडिटच्या समने भागायचं. ॲव्हरेज हे सूत्र या शीटमध्ये कुठेही दिसलं तर चूक झालीच समजा. शिवाय निकाल न लागलेल्या विषयासमोर ग्रेडचा रकाना रिकामा सोडलात तर त्याचे क्रेडिट बेरजेत येतात आणि पॉइंट शून्य धरले जातात. आकडा कोसळतो. निकाल लागेपर्यंत क्रेडिटही भरू नका.

टक्केवारीचा प्रश्न अर्ज भरताना येतो. कुठे सीजीपीएला १० ने गुणतात, कुठे ९.५ ने, कुठे आधी ०.७५ वजा करून मग १० ने. भावाचे ७.७३ पहिल्या रीतीने ७७.३ टक्के होतात, दुसरीने ७३.४, तिसरीने ६९.८. आपल्या संस्थेने लेखी दिलेली रीतच वापरायची आणि तो कागद अर्जाला जोडायचा. भावाने एकदा कुठल्याशा संकेतस्थळावरचं गणकयंत्र वापरून ७७.३ भरले होते. पाठवायच्या आधी मला दाखवले, ते बरं केलं.