कार्बन फायबरची मागची विंग बसवताना या चुका टाळा

स्पोर्ट्स कारला मागची विंग लावायची म्हटले की बहुतेकांचा विचार विंगेपाशीच थांबतो. विणकाम कसे आहे, वजन किती आहे, कोणत्या कंपनीची आहे, एवढेच पाहिले जाते. प्रत्यक्षात चांगली बनवलेली विंग सहसा मोडत नाही. मोडतो, वाकतो किंवा फाटतो तो तिच्याखालचा पत्रा, स्टँड, बोल्ट किंवा डिकीचे कुलूप. विंगेवर येणारा जोर गाडीच्या सांगाड्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार, हा प्रश्न आधी न सोडवता ड्रिल हातात घेणे ही मूळ चूक आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

उदाहरणासाठी टोयोटाची जीआर८६ घेऊ. ही गाडी भारतात अधिकृतपणे मिळत नाही. पण परदेशात राहणाऱ्या आणि हौसेने ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्या वाचकांना ती ओळखीची आहे, आणि तिची स्वतंत्र डिकी हा या कामातला नेहमीचा प्रसंग आहे.

जोराचा हिशेब न मांडणे

हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १६० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद अशी एकपदरी, म्हणजे एकाच पात्याची, विंग बऱ्यापैकी कोनात लावली, तर ताशी १०० किलोमीटरला ती गाडीवर खालच्या दिशेने साधारण २२ किलोचा दाब देते आणि ताशी २०० ला तोच दाब ९० किलोच्या आसपास जातो. ताशी ६० ला मात्र तो जेमतेम आठ किलो असतो. त्यामुळे शहरात महिनाभर गाडी फिरवून ‘काही हलत नाही’ असा निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे.

९० किलो दोन स्टँडवर वाटले गेले, म्हणजे प्रत्येकी ४५ किलो झाले, एवढ्यावर हिशेब संपत नाही. समजा स्टँडच्या पायाचे पुढचे आणि मागचे बोल्ट एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर आहेत आणि विंगेचा दाब मागच्या बोल्टच्याही १५ सेंटिमीटर मागे पडतो. अशा वेळी मागचा बोल्ट टेकू बनतो आणि पुढचा बोल्ट सुमारे ६७ किलोच्या जोराने वर ओढला जातो. विंग खाली दाबत असताना तिचाच बोल्ट पत्र्यातून वर उपटला जात असतो, ही गोष्ट अनेक अनुभवी मेकॅनिकांच्याही लक्षात येत नाही. डिकीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात भोक पाडून नुसता नट-वॉशर लावला, तर भोकाभोवतीचा पत्रा आधी फुगतो, मग रंगाला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि शेवटी पत्रा फाटतो.

म्हणून डिकीच्या आतल्या बाजूला, बाहेरच्या पायापेक्षा मोठी, दोन ते तीन मिलिमीटर जाडीची धातूची पट्टी बसवावी आणि शक्य असेल तिथे ती आतल्या बरगडीपर्यंत न्यावी. पट्टी पत्र्याच्या वळणाशी जुळवून घेतली पाहिजे. सपाट पट्टी वळणदार पत्र्यावर आवळली की पत्राच तिच्याकडे ओढला जातो आणि बाहेरून खळगा दिसतो. दुहेरी चिकटपट्टीवर किंवा पत्र्यात घुसवलेल्या स्क्रूवर काम भागवू नये. त्या पद्धती डिकीच्या कडेला लागणाऱ्या छोट्या स्पॉयलरसाठी असतात. फार मोठ्या विंगेचा भार डिकीवर न टाकता बंपरच्या आतल्या आडव्या बीमवर किंवा चॅसिसवर घ्यावा. खर्च वाढतो, पण बिजागऱ्या आणि कुलूप ज्यासाठी बनलेच नव्हते ते काम त्यांच्यावर येत नाही.

आधार चुकला की काय होते, हे मोटार शर्यतींच्या इतिहासाने फार पूर्वी दाखवले आहे. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोन्टजुइक सर्किटवर स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघा चालकांच्याही लोटस गाड्यांवरील उंच विंग कोसळल्या आणि दोन्ही गाड्या काही फेऱ्यांच्या अंतराने एकाच ठिकाणी कठड्यावर आदळल्या. त्याच महिन्यात मोनॅकोमध्ये उंच विंगांवर बंदी आली.

मोजमापात घाई

बंपरच्या कडेपासून अंतर मोजून मध्य काढणे ही सर्रास होणारी चूक आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, क्लिपांवर बसतो आणि एखाददुसऱ्या दुरुस्तीनंतर तो काही मिलिमीटर सरकलेला असू शकतो. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टायरमधील हवा सारखी करावी आणि सांगाड्यावरच्या ठाम खुणांपासून, उदाहरणार्थ मागच्या सस्पेंशनच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टांपासून, ओळंबा सोडून फरशीवर मध्यरेषा आखावी. मग तीच रेषा ओळंब्यानेच डिकीवर आणावी. भोके पाडण्यापूर्वी विंग स्टँडवर ठेवून तिच्या दोन्ही टोकांपासून पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत तिरकी मापे घ्यावीत. ती जुळली नाहीत तर विंग आडवी फिरलेली आहे.

विंगेचे बोल्ट हाताने फिरवून आत गेले पाहिजेत. स्टँड बाजूला रेटून, भोकात पेचकस घालून ओढून भोके जुळवली, तर कार्बनमध्ये कायमचा ताण कोंडला जातो. लोखंडी पत्रा असा ताण वाकून सहन करतो. कार्बन वाकत नाही, तो आतल्या आत पदर सोडतो, म्हणजे त्याचे एकमेकांवर चिकटवलेले थर सुटतात, आणि बाहेरची चकाकी तशीच राहते.

भोके, भुकटी आणि गंज

कार्बनला भोक पाडायचे असेल, तर कार्बाइडचे धारदार बिट घ्यावे, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी, मागे लाकडाचा ठोकळा घट्ट धरावा आणि दाब हलका ठेवावा. जोर लावला की बिट बाहेर पडताना शेवटचे पदर उचकटतात. उघड्या पडलेल्या कडेला पातळ इपॉक्सी (कार्बनचे धागे धरून ठेवणारी चिकट राळ) लावून ती बंद करावी, नाहीतर तिथून ओल शिरते. कामाच्या वेळी एन९५ मास्क आणि चष्मा हवाच. ही भुकटी वीजवाहकही असते. ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, कारण डिकीतल्या वायरिंगच्या जोडांत ती गेली तर नसते उपद्रव सुरू होतात.

डिकीच्या पत्र्याला भोक पाडल्यावर कडा घासून गुळगुळीत करावी, प्रायमर आणि रंग लावून पूर्ण वाळू द्यावा आणि बोल्टाभोवती सीलंट भरूनच तो आवळावा. प्रायमरचा कंटाळा केला, तर मुंबईच्या किंवा कोकणाच्या एका पावसाळ्यात भोकाभोवती गंजाची कडी दिसू लागते.

त्याहून कमी ओळखला जाणारा धोका कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या स्पर्शाचा आहे. खारट दमट हवेत हे दोन पदार्थ थेट भिडले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते आणि सांध्यातून पांढरी पूड बाहेर येते. समुद्रकाठच्या गावी राहणाऱ्यांनी याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. दोहोंमध्ये ग्लास फायबरचा पातळ पदर किंवा नायलॉनचा वॉशर घालावा आणि बोल्ट स्टेनलेस किंवा टायटॅनियमचे वापरावेत. आवळण्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच (टॉर्कने) आवळता येणारा पाना, वापरावा आणि विंग बनवणाऱ्याने दिलेला आकडाच पाळावा; बोल्टला जेवढा टॉर्क सोसतो तेवढा कार्बनच्या पदरांना सोसेलच असे नाही.

कोन डोळ्याने लावणे

कोन डिकीवर किंवा विंगेच्या वरच्या पृष्ठावर मोजून उपयोग नसतो. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ पट्टी धरावी आणि त्या पट्टीवर डिजिटल कोनमापक ठेवावा; फरशीचा उतार आधी वजा करावा. शिवाय छतावरून येणारी हवा मागच्या काचेवरून खाली झुकत येते, म्हणून विंगेच्या मध्यभागी हवेशी होणारा कोन आणि टोकांपाशी होणारा कोन वेगळे असतात. काही विंगांचा मधला भाग पिळलेला दिसतो तो याच कारणाने, शोभेसाठी नव्हे.

जास्त कोन म्हणजे जास्त पकड, हा समज टिकाऊ आहे आणि चुकीचा आहे. साधारण १२ ते १५ अंशांपुढे एकपदरी विंगेखालची हवा पृष्ठभाग सोडते. दाब घटतो आणि अडथळा मात्र वाढतो. विंगेचे खरे काम तिच्या खालच्या बाजूवर चालते. स्टँड वरून येऊन विंगेला लटकवणारी हंसाच्या मानेसारखी रचना त्यासाठीच आहे. पोर्शने २०२१ च्या ९११ जीटी३ मध्ये ती रस्त्यावरच्या गाडीला दिली. म्हणून खालच्या पृष्ठावर स्टिकर किंवा जाड टेप लावू नये. कमी कोनापासून सुरुवात करावी, खालच्या बाजूला लोकरीचे बोटभर धागे चिकटवावेत आणि ट्रॅकवर मागून कॅमेऱ्याने पाहावे. धागे सरळ मागे वाहत असतील तोवर कोन वाढवता येतो. ते भिरभिरू लागले की एक-दोन अंश मागे यावे.

पुढच्या चाकांचा विसर

विंग मागच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे ती गाडीचे नाक उचलते. जीआर८६ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, २,५७५ मिलिमीटर आहे. विंग मागच्या आसापासून ७५ सेंटिमीटर मागे धरली, तर ९० किलोच्या दाबाने पुढच्या चाकांवरचा भार सुमारे २६ किलोने घटतो, आणि विंगेवरचा हवेचा अडथळा त्यात आणखी भर घालतो. म्हणून ‘विंग लावल्यापासून वेगवान वळणावर गाडी वळतच नाही’ ही तक्रार येते तेव्हा दोष स्टिअरिंगमध्ये शोधू नये. आधी कोन कमी करावा. ट्रॅकवर सातत्याने जायचे असेल तर पुढे स्प्लिटर (पुढच्या बंपरखाली पुढे आलेली आडवी पट्टी) लावून तोल साधावा. हीच तक्रार संथ वळणावरही असेल, तर मात्र विंगेचा संबंध नाही. टायर आणि सस्पेंशन तपासावे.

इतर लक्षणांचे अर्थही असेच लावता येतात. ठरावीक वेगाला विंग थरथरत असेल, तर बहुधा स्टँड बाजूला लवचीक आहेत किंवा पायाखालचा पत्रा श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो आहे. बोल्ट अधिक आवळून हे थांबत नाही. डिकी उघडी राहत नसेल, तर डिकी उघडी धरणाऱ्या मूळ गॅस स्ट्रटना वाढलेले वजन पेलत नाही आणि ते बदलावे लागतात. कार्बनवर नाण्याने हलके टकटक केल्यावर खणखणीत आवाजाऐवजी एखाद्या जागी बद्द आवाज आला, तर तिथे पदर सुटल्याची शंका घ्यावी आणि जाणकाराला दाखवेपर्यंत विंग उतरवून ठेवावी. वरचे लॅकर पिवळे पडणे हे बहुधा उन्हाने होते. ते वेळीच घासून अतिनील किरणांना रोखणारे नवे लॅकर द्यावे, कारण ते गेल्यावर ऊन खालच्या इपॉक्सीला लागते.

भारतात सार्वजनिक रस्त्यावर जाणाऱ्या गाडीबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल त्यात बसत नाहीत. आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे आधी चौकशी करावी. जर्मनीत अशा भागासाठी मान्यतेची कागदपत्रे लागतात, आणि ती नसलेली स्वस्त विंग तिथे शेवटी महागच पडते.

पहिल्या ट्रॅक फेरीपूर्वी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून स्टँडपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरला आहे. तो पुन्हा आवळण्यापूर्वी डिकीचे अस्तर काढून आतली पट्टी आणि भोकाभोवतीचा रंग टॉर्चच्या उजेडात पाहावा. पत्रा फुगला असेल किंवा चीर दिसत असेल, तर त्या दिवशी विंग उतरवूनच पुढची फेरी मारावी.