वसाहतीतील तक्रार कशी मांडावी आणि बातमी कशी कळवावी

निवासी वसाहतीत रोज उपस्थित होणारे प्रश्न फारसे निरनिराळे नसतात. छताला ओल येते, रात्री वरून आवाज येतो, आतल्या रस्त्यावर वाहने वेगाने जातात, लिफ्ट बंद पडते, डास वाढतात आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीविषयी खरी-खोटी बातमी घरोघर पोहोचते. यांपैकी बहुतेक प्रश्न सुटण्याजोगे असूनही वर्षानुवर्षे रेंगाळतात, कारण दुरुस्त करायची असते वस्तू किंवा बदलायची असते वेळ, आणि तक्रार मात्र केली जाते माणसाविषयी. ‘वरच्यांना शेजाऱ्यांची पर्वाच नाही’ या वाक्यावर कोणत्याही समितीला काहीही करता येत नाही. ‘रात्री साडेअकरानंतर वरच्या खोलीत जड वस्तू सरकवल्याचा आवाज येतो आणि तो गेल्या आठवड्यात चार रात्री आला’ या वाक्यावर मात्र पुष्कळ काही करता येते.

म्हणून पहिले काम नोंदीचे. एका वहीत किंवा मोबाइलमध्ये तारीख, वेळ, नेमकी जागा, प्रत्यक्ष दिसलेली किंवा ऐकू आलेली गोष्ट आणि ती किती वेळ टिकली, एवढेच लिहावे. आपला अंदाज लिहायचाच असेल तर तो वेगळ्या ओळीत, ‘अंदाज’ असे नमूद करून लिहावा. महिनाभराने नोंद वाचताना काय पाहिले आणि काय गृहीत धरले, यांतील फरक आपल्यालाही आठवत नाही. छायाचित्रे दोन घ्यावीत: एक लांबून, जागा ओळखू यावी म्हणून आणि एक जवळून, ज्यात आकार कळण्यासाठी पट्टी किंवा नाणे ठेवलेले असावे. पुढची छायाचित्रे त्याच जागी उभे राहून घेतली तर डाग वाढला की नाही, यावर वाद उरत नाही.

छताची ओल

शेजाऱ्यांमधील सर्वांत जास्त कटुता ओलीवरून निर्माण होते, आणि त्याचे कारण असे की डाग दिसताच लोक थेट वरच्या घराकडे बोट दाखवतात. पाणी स्लॅबमधील फटींतून आणि सळ्यांच्या किंवा वायरींच्या नळ्यांच्या कडेने आडवे वाहत जाते आणि उगमापासून बऱ्याच अंतरावर बाहेर पडते. त्यामुळे डागाच्या बरोबर वरची खोली निर्दोष असणे मुळीच दुर्मीळ नाही. सर्वप्रथम डागाजवळ दिवा किंवा पंखा असेल तर त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा, आणि मगच कारण शोधावे.

ओल केव्हा वाढते, हे पाहिले की निम्मा उलगडा होतो. पुरवठ्याची नळी सतत दाबाखाली असते, म्हणून तिची गळती रात्रंदिवस चालू राहते. सांडपाण्याची नळी वापराच्या वेळीच भरते, म्हणून तिची गळती आंघोळीनंतर किंवा कपडे धुतल्यानंतर दिसते. पावसानंतर दोन-तीन दिवस वाढणारी आणि मग वाळणारी ओल बहुधा गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येते. चौथी शक्यता लोक विसरतात: दमट हवा थंड भिंतीला लागून तिथे पाणी साचणे. ती तपासण्यासाठी भिंतीचा भाग पुसून कोरडा करावा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूला जमले तर दोष हवा खेळती नसण्याचा. भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी आतून येते आहे.

वरच्या घराला स्वतंत्र पाण्याचा मीटर असेल तर पुढची चाचणी विनाखर्च होते. घरातील सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा, दोन तास पाणी अजिबात वापरू नये आणि आकडा पुन्हा पाहावा. तो पुढे सरकला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जात आहे. येथे फ्लशची टाकी दिशाभूल करते, कारण तिची झडप गळत असली तरी आकडा सरकतो. टाकीत खाण्याचा रंग टाकून फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटे थांबावे. भांड्यात रंग उतरला तर गळती टाकीची, आणि छताच्या डागाशी तिचा संबंध असेलच असे नाही. आकडा सरकत नसेल तर न्हाणीघराच्या जमिनीची चाचणी करावी: निचऱ्याचे तोंड घट्ट बंद करून उंबऱ्याच्या पातळीखाली दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवावे, ते २४ तास तसेच ठेवावे आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवावे. खाली पाणी आले तर जमिनीच्या जलरोधक थराला तडा गेला आहे. यांपैकी काहीच आढळले नाही तर डक्टमधील सामाईक नळी पाहण्याची वेळ येते, आणि मग प्रश्न दोन घरांमधला न राहता संपूर्ण इमारतीचा होतो. खर्च कोणी करायचा, हा वाद या चाचण्यांच्या आधी घालण्यात काहीच हशील नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गळतीलाही आकडा जोडला की लोक गांभीर्याने घेतात. एका थेंबाचे आकारमान पाव मिलिलिटर धरले आणि दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ लिटर आणि वर्षाला जवळपास ७,९०० लिटर पाणी वाया जाते. सामाईक नळाविषयीच्या अर्जात हा हिशेब अवश्य लिहावा.

आवाज

आवाज दोन मार्गांनी येतो. बोलणे, संगीत आणि भुंकणे हवेतून, म्हणजे खिडक्या आणि दारांच्या फटींतून येते. खुर्ची ओढणे, टाचांचा आवाज आणि यंत्राचा थरथराट स्लॅबमधून व भिंतींमधून येतो. खिडकी-दार बंद केल्यावर आवाज स्पष्टपणे कमी झाला तर तो पहिल्या प्रकारचा, फरक पडला नाही तर दुसऱ्या प्रकारचा समजावा. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उपाय वेगळे आहेत. बांधकामातून येणाऱ्या आवाजासाठी आपल्या छताला काही चिकटवून फारसा लाभ होत नाही. तो उगमापाशीच थोपवावा लागतो, आणि खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे, धुलाई यंत्राखाली रबरी चटई व यंत्र समतल असणे एवढ्याने बरेचदा काम भागते. शेजाऱ्याला तक्रारीसोबत हा उपाय सांगता आला तर संभाषणाचा सूरच बदलतो. स्लॅबमधून येणाऱ्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही, त्यामुळे ‘वरून’ येणारा आवाज बाजूच्या किंवा त्याही वरच्या घरातला असू शकतो. दार ठोठावण्यापूर्वी आवाज चालू असताना जिन्यातून एक फेरी मारावी.

मोबाइलवरील आवाजमापक ॲप पुरावा म्हणून कमकुवत असते, कारण त्याचा मायक्रोफोन प्रमाणित नसतो. आपल्याच खोलीत शांत वेळी आणि आवाजाच्या वेळी मोजून तुलना करण्यापुरते ते वापरावे. डेसिबलची मोजपट्टी सरळ बेरजेची नाही: १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी सततच्या आवाजाची मर्यादा सरासरी ३० डेसिबल आणि एखाद्या वेळच्या आवाजासाठी ४५ डेसिबल सुचवली आहे. हा कायदा नव्हे, परंतु वसाहतीने शांततेची वेळ ठरवताना आधार म्हणून तो उपयोगी पडतो.

आतल्या रस्त्यावरील वेग

‘गाड्या भरधाव जातात’ असे म्हणण्याऐवजी वेग मोजता येतो. रस्त्यावर ५० मीटरचे अंतर खडूने आखावे आणि वाहनाला ते कापायला लागलेला वेळ मोजावा. सहा सेकंद म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ३.६ सेकंद म्हणजे ताशी ५०. थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ५० ने येणाऱ्या वाहनाला ३० च्या तुलनेत जवळजवळ पावणेतीनपट अंतर लागते, आणि चालकाला प्रतिक्रिया देण्यास लागणारा वेळ त्याखेरीज. मोजणी करताना वाहनांचे क्रमांक लिहू नयेत. क्रमांक लिहिले की बैठक त्या मालकांभोवती फिरते. वेळा लिहिल्या की दिवसातील कोणत्या तासांत वेग वाढतो ते दिसते आणि गतिरोधक कुठे हवा, हे ठरवता येते.

डासांविषयी थोडक्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, घरांच्या आसपासच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे सात ते दहा दिवस लागतात. म्हणून संपूर्ण वसाहतीने आठवड्याचा एकच वार ठरवून भांडी, कुंड्यांखालच्या बशा आणि टाक्यांची झाकणे तपासावीत. भांडे नुसते उपडे करणे पुरेसे नाही. अंडी कडेला चिकटून कोरड्यात कित्येक महिने तग धरतात, तेव्हा कडा घासाव्यात.

आधी शेजारी, मग समिती

नोंद हाती आल्यावर पहिली भेट संबंधित शेजाऱ्याची घ्यावी, तीही त्रास चालू असताना नव्हे, दुसऱ्या दिवशी सोयीच्या वेळी आणि समोरासमोर. ‘काका, तुम्हाला कदाचित कल्पना नसेल, पण रात्री खुर्ची सरकली की आमच्या खोलीत बराच आवाज येतो, एकदा येऊन ऐकता का?’ अशी सुरुवात केली तर समोरच्याला बचावाचा पवित्रा घ्यावा लागत नाही. सर्वांच्या ग्रुपवर थेट तक्रार टाकणे हा माझ्या मते सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण तिथे माघार घेणे म्हणजे चारचौघांत हार पत्करणे ठरते, आणि ती सहसा कोणी पत्करत नाही.

भेटीने काम झाले नाही तर लेखी अर्ज करावा. एका अर्जात एकच प्रश्न असावा आणि तो एका पानात संपावा. उदाहरणार्थ:

‘मा. सचिव यांस, दुसऱ्या मजल्यावरील जिन्याचा दिवा १२ तारखेपासून बंद आहे. बल्ब बदलून पाहिला, तरीही तो लागत नाही, त्यामुळे वायरिंगमध्ये दोष असावा असा अंदाज आहे. रात्री ज्येष्ठांना उतरताना अडचण होते. वायरमनकडून तपासणी करून घ्यावी आणि तपासणीचा दिवस कृपया आठवड्याच्या आत कळवावा. सोबत दोन छायाचित्रे जोडली आहेत.’

या मजकुरात काय घडले, काय करून पाहिले, काय हवे आणि उत्तर केव्हा हवे, हे सर्व आहे, राग नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. बैठकीत विषय आला तर इतिवृत्तात ठराव, जबाबदार व्यक्ती आणि मुदत या तीन गोष्टी लिहिल्या गेल्याची खात्री करूनच उठावे. ‘योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ हे वाक्य लिहिले गेले की तो विषय पुढच्या बैठकीतही तसाच येणार, हे समजून असावे.

नियम करायची वेळ आली तर राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा अभ्यास उपयोगी पडतो. कुरणे, जंगले, सिंचनाचे पाणी अशी सामाईक साधने लोक स्वतः दीर्घकाळ कशी सांभाळतात, यावर त्यांनी संशोधन केले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना दिसलेल्या गोष्टींपैकी दोन वसाहतीला थेट लागू होतात: ज्यांच्यावर नियम लागू होतो त्यांना तो बदलण्यात भाग घेता येतो, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढते. पार्किंगचा नियम मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी जबर दंड लावणाऱ्या समितीने हे वाचावे. पहिल्या वेळी तोंडी समज, दुसऱ्या वेळी लेखी पत्र आणि त्यानंतर दंड, असा क्रम लोक निमूटपणे मान्य करतात.

बातमी कळवताना

बातमी पुढे पाठवण्यापूर्वी हे कोणी स्वतः पाहिले, केव्हा पाहिले आणि कुठे पाहिले, असे विचारावे. ‘कोणीतरी सांगितले’ हे उत्तर आले तर तो निरोप तिथेच थांबवावा, विशेषतः त्यात चोर, अनोळखी माणूस किंवा मूल पळवल्याचा उल्लेख असेल तर. वॉट्सॲपवर दुहेरी बाणाचे चिन्ह असलेला निरोप किमान पाच हातांतून आलेला असतो. त्यावरून तो खोटा ठरत नाही, परंतु मूळ माणसापर्यंत पोहोचणे आता अवघड आहे, एवढे नक्की कळते.

पाणी किंवा लिफ्ट बंद राहण्याच्या सूचनेत ‘काही काळ’ हे शब्द वापरू नयेत. कोणती इमारत, किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत, का आणि पुढची माहिती केव्हा मिळेल, हे लिहावे. दुरुस्तीचा दिवस ठाऊक नसेल तरी पुढच्या सूचनेची वेळ देता येते, आणि लोकांची निम्मी चिडचिड त्यानेच शमते. कोणाचे घर कधीपर्यंत बंद आहे किंवा कोण आजारी आहे, ही माहिती सूचना म्हणून कधीही लावू नये.

सापडलेल्या वस्तूची सूचना मात्र मुद्दाम अपुरी लिहावी. ‘किल्ल्यांचा जुडगा सापडला, बागेजवळ, रविवारी सायंकाळी’ एवढे पुरे. किल्ल्या किती आणि त्यांना काय अडकवलेले आहे, ते मागायला येणाऱ्याने सांगायचे असते. वस्तू योग्य हाती गेल्यावर त्या सूचनेवर ‘परत दिली’ असे तारखेसह लिहून दुसऱ्या दिवशी ती फलकावरून काढून टाकावी, म्हणजे शेजारची पाणी बंद असल्याची ताजी सूचना लोकांच्या नजरेस पडेल.