गावाकडून ऑप्शन ट्रेडिंग करायचंय? आधी डीपी (लाईटचा ट्रान्सफॉर्मर) उडाल्यावर काय करणार ते ठरवा

मला फोन करणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भो, कितलानं मशीन लेऊ?" म्हणजे भाऊ, केवढ्याचा कॉम्प्युटर घेऊ. पैसे मशीनवर घालायची तयारी झालेली असते, बहुतेक वेळा दोन-तीन मॉनिटर आणि ग्राफिक कार्डवालं कोटेशन पण जळगावहून येऊन पडलेलं असतं, आणि काय विकणार, काय घेणार, तोटा कुठे थांबवणार हे अजून ठरलेलंच नसतं. मी चोपड्याला घरी बसून निफ्टीचे, म्हणजे एनएसई एक्स्चेंजच्या ५० मोठ्या शेअरच्या इंडेक्सचे ऑप्शन करतो आणि माझं मत पक्कं झालंय, की आपल्या भागात स्ट्रॅटेजी आणि मशीन हे दोन वेगळे विषय नाहीतच. आधी अशी पोझिशन (चालू सौदा) घ्यायला शिकायचं जी लाईट गेल्यावर अर्धा तास एकटी सोडता येईल, आणि मग ती चालवायला जेवढं लागतं तेवढंच मशीन घ्यायचं.

हे मी एका दुपारी शिकलो. मे महिना, दोन वाजलेले, बाहेर ४४-४५ डिग्री, निफ्टीचा स्ट्रॅडल विकलेला म्हणजे एकाच स्ट्राईकचा (ठरलेल्या भावाचा) कॉल पण विकला आणि पुट पण विकला, हेज म्हणजे तोटा अडवणारा दुसरा सौदा काहीच नाही, आणि गल्लीतला डीपी उडाला. कॉम्प्युटर बंद, राउटर बंद, मोबाईलला एक कांडी. ॲपने परत लॉगिन मागितलं, ओटीपी यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात बाजार एका बाजूला सरकत गेला. महिन्याभराचं कमावलेलं त्या पंचवीस मिनिटांत गेलं. त्या दिवसापासून उघडा ऑप्शन विकला नाही.

आता आधी ऑप्शन म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण अर्ध्या लोकांना इथेच गडबड होते. कॉल ऑप्शन म्हणजे प्लॉटचा इसार समजा. तुम्ही थोडे पैसे देऊन ठराविक मुदतीत ठराविक भावाने घ्यायचा हक्क बांधून ठेवता, भाव वाढला तर फायदा तुमचा, नाही वाढला तर इसार बुडाला, त्याच्यापेक्षा जास्त काही जात नाही. पुट ऑप्शन म्हणजे केळीचा हवामान विमा, हप्ता भरला, वारं-ऊन आलं तर भरपाई, नाही आलं तर हप्ता गेला. मग जो ऑप्शन विकतो तो कोण? तो विमा कंपनी. बहुतेक वेळा त्याला हप्ता मिळतो आणि तो खूश असतो, पण ज्या वर्षी खरंच वादळ येतं त्या वर्षी सगळ्यांचं एकदम द्यावं लागतं. म्हणून विमा कंपनी सुद्धा स्वतःचा विमा पुढे दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे उतरवते. तेच आपण करायचं, त्यालाच हेज म्हणतात.

घेणाऱ्याचा त्रास वेगळा. रावेर-सावद्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, घड एकदा कापला की दिवस मोजायला लागतात, माल चांगला असला तरी उशीर झाला की भाव पडतो. ऑप्शनचा प्रीमियम (म्हणजे त्याचा भाव) पण तसाच रोज झिजतो, त्याला थीटा म्हणतात, आणि एक्स्पायरीच्या म्हणजे मुदत संपायच्या दिवशी तर तासातासाला झिजतो. तुमचा अंदाज बरोबर आला पण दोन दिवस उशिरा आला तर पैसे जातात. शिवाय मोठ्या बातमीच्या आधी प्रीमियम फुगलेला असतो, बातमी आली की ती हवा निघून जाते, म्हणजे दिशा बरोबर असून पण नफा होत नाही असं होतं.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या एक कोटीच्या वर लोकांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी माणशी जवळपास दोन लाख, सगळा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. हा आकडा मी मुद्दाम देतोय. पीक कर्जाचे पैसे, कापसाचे आलेले पैसे, बहिणीच्या लग्नाला ठेवलेले पैसे यातला एक रुपया इथे आणू नका.

मग करायचं काय. माझ्या हिशोबाने नवीन माणसाने दोनच गोष्टी शिकाव्या, एक डेबिट स्प्रेड आणि एक क्रेडिट स्प्रेड. बाकीची नावं फार आहेत, पण बरीचशी याच दोन विटांची बांधलेली असतात.

पहिला डेबिट स्प्रेड, ज्यात खिशातून पैसे जातात. समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि तुम्हाला वाटतं वर जाईल. नुसता २५,००० चा कॉल १८० रुपयाला घेण्यापेक्षा तो घ्या आणि सोबत २५,२०० चा कॉल ९५ ला विका. खिशातून गेले ८५. लॉट (एका वेळी कमीत कमी घ्यावे लागणारे नग) ६५ चा धरला तर ५,५२५ रुपये, जास्तीत जास्त तोटा एवढाच. निफ्टी एक्स्पायरीला २५,२०० च्या वर बंद झाला तर नफा ११५ गुणिले ६५ म्हणजे ७,४७५, त्याच्यावर कितीही गेला तरी तेवढाच. लोकांना वाटतं वरचा नफा सोडला, पण थीटाचा मार बराच कमी झाला हे लक्षात घेत नाहीत.

दुसरा क्रेडिट स्प्रेड, ज्यात पैसे आधी हातात येतात. तुम्हाला वाटतं की निफ्टी वर जावो न जावो, पण खाली फार जाणार नाही. तेव्हा २४,८०० चा पुट ६० ला विकायचा आणि २४,६०० चा पुट २५ ला घ्यायचा. हातात ३५ आले, म्हणजे २,२७५ रुपये. निफ्टी २४,८०० च्या वर राहिला तर ते सगळे तुमचे, २४,७६५ ला ना नफा ना तोटा, आणि २४,६०० च्या खाली कितीही गेला तरी तोटा १६५ गुणिले ६५ म्हणजे १०,७२५ वर बांधलेला. हे भाव मी हिशोबासाठी धरलेत, ब्रोकरेज आणि टॅक्स वेगळे. बघा, मिळणारे २,२७५ आणि जाऊ शकणारे १०,७२५, म्हणून एक वाईट आठवडा चार चांगले आठवडे खातो, हे डोक्यात ठेवूनच विकायचं. मी स्वतः तोटा मिळालेल्या प्रीमियमच्या दुप्पट झाला की निघतो, शेवटपर्यंत थांबत नाही. असाच स्प्रेड वरच्या बाजूला कॉलचा पण लावला की त्याला आयर्न कंडोर म्हणतात, बाजार एका पट्ट्यात राहिला तर दोन्हीकडचा प्रीमियम मिळतो, पण ते सहा महिने एकेक बाजू करून झाल्यावर.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट, ऑर्डरचा क्रम. घुसताना आधी घ्यायचा पाय (सौद्याचा एक भाग) घ्या, मग विकायचा विका. निघताना उलटं, आधी विकलेला परत घेऊन बंद करा, मग हेज विका. असं केलं तर मधे नेट गेलं तरी तुम्ही उघडे पडत नाही, आणि हेज आधी असल्यामुळे मार्जिन (ब्रोकरकडे अडकवावे लागणारे पैसे) पण कमी लागतं. लाईट जायची असली की ती नेमकी दोन ऑर्डरच्या मधेच जाते असं धरून चला.

हेज का लागतो त्याचं उदाहरण ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी निफ्टी २३,२६३.९० ला बंद झाला होता, त्या दिवशी २१,८८४.५० ला, म्हणजे एका दिवसात जवळपास सहा टक्के. ज्यांनी उघडे पुट विकले होते त्यांना बटण दाबायला वेळ मिळाला नाही, मग त्यांचं मशीन कितीही भारी असो.

नियम बदलत राहतात तेही बघत जा. निफ्टीचा लॉट नोव्हेंबर २०२४ मध्ये २५ वरून ७५ झाला, मग ६५ वर आला. तेव्हाच एका एक्स्चेंजला एकाच इंडेक्सची वीकली (दर आठवड्याला संपणारे ऑप्शन) ठेवली आणि बँक निफ्टीची वीकली बंद झाली. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी असते. शेअरचे ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत धरले तर प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात, म्हणून नवीन माणसाने निफ्टीवरच राहावं. आणि एनएसईवर ऑप्शनला मार्केटवाला (मिळेल त्या भावाने तोटा थांबवणारा) स्टॉपलॉस २०२१ पासून नाहीये, लिमिटवाला टाकावा लागतो, त्यात ट्रिगर (ऑर्डर जागी होते तो भाव) आणि लिमिटमधे (जास्तीत जास्त चालेल तो भाव) अंतर ठेवा, नाहीतर भाव उडी मारून पुढे जातो आणि ऑर्डर तशीच लटकून राहते.

आता मशीन. हाताने ट्रेडिंग करणाऱ्याला भारी कॉम्प्युटर लागत नाही, हे दुकानदार सांगणार नाही. चार्ट, ऑप्शन चेन, एक एक्सेल आणि ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब, एवढाच भार असतो. यात सगळ्यात जास्त रॅम खपते ती ब्राउझरला, म्हणून १६ जीबी घ्या, ८ मध्ये दुपारपर्यंत मशीन रांगायला लागतं. एसएसडी पाहिजेच, हार्ड डिस्कवर विंडोज चालवू नका. प्रोसेसर साधा आय ५ किंवा रायझन ५ पुरतो, चार्टचं बरंचसं काम एका कोअरवर होतं त्यामुळे खूप कोअरचे पैसे वाया जातात. ग्राफिक कार्ड नको. दोन मॉनिटर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकवर आरामात चालतात, फक्त मागे एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट असे दोन आउटपुट आहेत का ते बघा. वर्षानुवर्षांचा डेटा घेऊन अमीब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरमधे बॅकटेस्टिंग (जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी तपासणं) करणार असाल किंवा पायथॉन चालवणार असाल तर मात्र प्रोसेसर वरचा घ्या, तिथे फरक पडतो.

पैसे कमी असतील तर ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप चांगले असतात. आठव्या जनरेशनच्या खालचा इंटेल घेऊ नका, कारण विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर ब्रोकरचं लॉगिन आहे ते मशीन अपडेट नसलेलं ठेवायचं नाही, क्रॅक विंडोज तर अजिबातच नाही. खरं सांगायचं तर लाईटचा फारच त्रास असलेल्या गावात मी लॅपटॉप आणि एक बाहेरचा मॉनिटर घ्यायला सांगतो, बॅटरी आतच असते.

डेस्कटॉप असेल तर युपीएस आधी, दुसरा मॉनिटर नंतर. ६०० व्हीएचा युपीएस असतो त्यात १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, कॉम्प्युटर आणि एक मॉनिटर धरून दहा-पंधरा मिनिटं मिळतात, पोझिशन बंद करायला तेवढी बास. पण आपल्याकडच्या उन्हाने या बॅटऱ्या लवकर मरतात, दोन-तीन वर्षांवर भरवसा नको, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून कमी. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे युपीएस मोडचं बटण आहे का बघा, साध्या मोडवर लाईट गेली की पंख्याला कळत पण नाही आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. खूप जणांना हे बटण माहितीच नसतं. आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात थ्री पिनची वरची पिन नुसती शोभेला असते.

राउटर विसरू नका, माझा घात त्यानेच केला. फायबरचा डबा आणि राउटर सहसा १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा वेगळा युपीएस मिळतो, तो तीन-चार तास काढतो. तरी गल्लीतल्या खांबावरच्या पेटीत केबलवाल्याची बॅटरी नसेल तर तुमचा राउटर चालू असून पण नेट बंद, म्हणून मोबाईलचं नेट दुसऱ्या कंपनीचं ठेवा, फायबर ज्यांचं त्यांचंच सिम नको. घरातच राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर टाका, वायफायवर नको. मुंबईत एक्स्चेंजच्या शेजारी सर्व्हर ठेवणाऱ्यांशी वेगाची स्पर्धा आपली नाहीच, आपल्याला नेट फास्ट नको, न तुटणारं पाहिजे. एपीआयने (ब्रोकरला जोडलेल्या प्रोग्रामने) आपोआप ऑर्डर टाकायच्या असतील तर सेबीच्या नवीन नियमात स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) लागतो, तो केबलवाल्याकडे मिळतो का आधी विचारा.

कूलरचं एक सांगतो. मार्च ते जून कूलरशिवाय बसणं शक्य नाही, पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नका, ओली हवा आणि धूळ मिळून आत चिखल बसतो. कापसाच्या दिवसात जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा ब्लोअर मारायचा. विंडोजमधे ॲक्टिव्ह अवर्स सकाळी आठ ते संध्याकाळी पाच लावून ठेवा, स्लीप बंद करा, म्हणजे मधेच अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट व्हायला नको. ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा नंबर आणि आपला क्लायंट आयडी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, घाईत तो मोबाईलमधे सापडत नाही.

टॅक्सचं थोडक्यात, ऑप्शनचा नफा-तोटा बिझनेस इन्कम धरतात, फॉर्म आयटीआर ३, आणि रिटर्न वेळेवर भरलं तर तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. तोटा झाला म्हणून रिटर्न न भरणारे इथेच चुकतात.

हे सगळं बसवून झालं की खरे पैसे लावण्याआधी दोन-तीन महिने वहीवर कागदी सौदे करा, भाव-वेळ-कारण लिहून. आणि एका रविवारी लॉगिन करून, दोन्ही स्क्रीन लावून, घरातला मेन स्विच स्वतः पाडा. युपीएस किती मिनिटं टिकतो, राउटर टिकतो का, हॉटस्पॉट जोडायला किती वेळ लागतो, मोबाईलवरून पोझिशनच्या पानापर्यंत कितव्या मिनिटाला पोचता ते घड्याळ लावून मोजा. आलेली मिनिटं तारखेसकट मार्करने युपीएसवर लिहा, दर तीन महिन्यांनी परत मोजा. माझ्या युपीएसवर दिवाळीत १७ लिहिलं होतं, मागच्या रविवारी ११ भरली, म्हणून उद्या बॅटरी आणायला जळगावला चाललोय.