गव्हाशिवाय संभाजीनगरात दोन दिवस

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघायचं असेल तर तयारी बुधवारी गिरणीत सुरू होते. ज्वारी निवडून, पाखडून ठेवा आणि गिरणी उघडता उघडता जा. आमच्या परभणीत बायका गिरणीवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या बजावत आल्यात, "दादा, ज्वारीवर गहू टाकू नका." त्यांना पोळ्या काळपट नको असतात. मी त्याच रांगेत उभी राहून उलटं सांगते, "गव्हावर माझी ज्वारी टाकू नका." पहिल्यांदा तो हसला होता. आता ज्वारीच्या चक्कीतसुद्धा आधी दुसऱ्या कुणाची ज्वारी दळतो, मग माझा डबा लावतो. घरघंटी असेल तर हा सगळा व्याप वाचतो, पण नणंदेची घरघंटी मी वापरत नाही. तिच्यात रोज गहूच असतो.

मला सिलिॲक आहे. गव्हातलं किंवा जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. "थोडंसं खाल्लं तर काय व्हतंय ताई?" हे दर लग्नात ऐकते. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेन फ्री छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, म्हणजे थोडंसं हे किती थोडं ते बघा. अशा आतड्यातून लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून माझं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं वाढतच नव्हतं, लोहाच्या गोळ्या खाऊन दात काळे झाले, तेव्हा कुठे रक्ताची टीटीजी तपासणी आणि एंडोस्कोपी झाली. ज्यांना नुसता संशय आहे त्यांनी तपासणीच्या आधीच गहू बंद करू नये, मग तपासणीत काही दिसत नाही. हे जाता जाता.

तर पीठ. दोन दिवसांसाठी अर्धा किलो वेगळं, पिशवीत बांधून, आणि ते ताजंच हवं. शिळ्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि परक्या चुलीवर करणारी मावशी आपल्यालाच बोल लावते. गाडीसाठी आणि किल्ल्यासाठी मात्र भाकरी नको, दशम्या करा. पाण्याऐवजी कोमट दुधात पीठ मळायचं, चिमूटभर मीठ, जरा जाडसर थापायच्या, आणि पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात गुंडाळायच्या. गरम बांधल्या तर घाम सुटतो आणि सकाळपर्यंत चिकट होतात. थंडीत दोन दिवस मऊ राहतात. उन्हाळ्यात दुधाची वस्तू आहे, दुसऱ्या दिवशी वास घेऊनच तोंडात घाला. तसं उन्हाळ्यात देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, चढायला जाणाऱ्याला मी कुठलाच सल्ला देत नाही. सोबत लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी, ठेचा, राजगिऱ्याचे लाडू. चिवडा घ्यायचा तर घरचा.

विकतचा का नाही, तर हिंगामुळे. अस्सल हिंग म्हणजे झाडाचा चीक, त्यात गहू नाही. पण आपल्या मिसळणाच्या डब्यातला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात बांधलेला असतो. डबीवरचं बारीक अक्षर वाचा. डिंक आणि तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, घरी मी तोच वापरते आणि छोट्या डबीत सोबत नेते. हिंग एकदा डोक्यात बसला की मग वरण, पिठलं, सांबार, पापड, चाट मसाला सगळीकडे दिसायला लागतो. पेरूवाल्या मावशीलासुद्धा मी सांगते, मसाला नको, नुसतं तिखट-मीठ लावा.

मराठवाड्यात जन्मलो ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट, कारण इथं भाकरी मागितली तर कुणी वळून बघत नाही. पण फसगतही इथल्याच पदार्थांत आहे. धपाटी ज्वारीची म्हणतात, त्यात कणकेची मूठ असते. येसराच्या आमटीवर माझा जीव, पण येसर करताना डाळींबरोबर गहूही भाजून घालतात. मेतकुटातही गहू. सातूचं पीठ पौष्टिक म्हणून कुणी हातात देईल, त्यात गहू नाहीतर जव असतोच. हुरड्याचा हंगाम असेल आणि कुणाच्या शेतात बोलावणं असेल तर बेधडक जा, ज्वारीचा हुरडा आपलाच. फक्त त्याच आरावर कुणी गव्हाच्या ओंब्या भाजत नाही ना, एवढं बघा. चुरमुऱ्याचा सुशीला चालतो, फोडणीत हिंग टाकायच्या आत सांगितलं तर.

आता बोलण्याची तयारी, ही डब्यापेक्षा महत्त्वाची. "यात गहू आहे का?" असं विचारू नका. मला उत्तर मिळालंय, "नाही ताई, मैदा आहे." रवाही लोकांच्या लेखी गहू नसतो. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेते: गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, लापशी, जव, सातू, ब्रेड. खाली हिंदीत आटा आणि सूजी, कारण छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात भटारखान्यात तीच भाषा कामाला येते. आजाराचं नाव सांगायच्या फंदात पडू नका. "गव्हाची ॲलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागतं" म्हटलं की गल्ल्यावरचा माणूस स्वतः उठून आत जातो. सिलिॲक म्हणजे ॲलर्जी नव्हे हे मला ठाऊक आहे, पण दुपारी दीडच्या गर्दीत शास्त्र कोण ऐकणार?

आणखी एक युक्ती आहे, थोडी खोटेपणाची. उपास आहे म्हणून सांगायचं. साबुदाण्याच्या खिचडीत हिंग नाही, हळद-मोहरी नाही, गव्हाचा प्रश्नच नाही. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, रताळी, सगळं आपल्या यादीतलं. त्यात शनिवार म्हणजे मारुतीचा वार, खुलताबादला भद्रा मारुतीकडे भाविकांची रीघ असते, त्या वाटेवर उपासाचं सहज मिळतं. पण साबुदाणा वडा घेऊ नका. त्याच कढईत सकाळपासून समोसे तळलेले असतात आणि तेलाला उपास नसतो. दुसरी अडचण म्हणजे मी एकदा सकाळी उपास सांगून खिचडी घेतली आणि दुपारी त्याच माणसाकडे भाकरी मागायला गेले. त्याने काही विचारलं नाही, नुसतं बघितलं.

शनिवारी सकाळी देवगिरी. शहरापासून पंधराएक किलोमीटर. उन्हं चढायच्या आत पायथ्याशी पोचायचं म्हणजे लॉजवर नाश्त्याची वाट बघायची नाही, खोलीतच दशमी आणि केळं. वर बारादरीपर्यंत जाणार असाल तर पाणी माणशी दोन लिटर, बॅटरी (अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या बोगद्यात, वटवाघळं आहेत, मोबाइलचा उजेड वर मारू नका) आणि खाणं झिपच्या पिशवीत आत कोंबलेलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की माकडं हिसकतात. बाकीच्यांचं बिस्किट गेलं तर खाली टपरी आहे, आपला डबा गेला तर दुपारपर्यंत उपास खरा होतो. चढताना पोट गच्च नको: एक लाडू खंदकाशी, एक वर गेल्यावर.

तिथून वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, शनिवार-रविवार उघडी. 34 लेणी दोनेक किलोमीटरच्या कड्यात पसरलेली आहेत. आम्ही 16 नंबरचं कैलास आधी करतो, मग पाय चालतील तेवढं. जेवण मात्र लेण्यांच्या आधी उरकून घ्या, कारण भाकरीला वेळ लागतो आणि तो देता आला पाहिजे. गेल्या खेपेला रस्त्याकडेच्या एका छपरात जेवलो. मी पिठाची पिशवी पुढे करून म्हटलं, "मावशी, माझ्या पिठाच्या दोन करून देता का? पैसे पूर्ण घ्या." त्यांनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं, "मालदांडी हाय का?" विचारलं, आणि खूश झाल्या. मग मी चुलीपाशीच बसले. परात धुऊन घ्यायला लावली, कारण तिच्यात आधीची कणीक कडेला वाळलेली होती. पाणी आधणाचं होतं. पहिली भाकरी थापायला घेताना मावशींचा हात सवयीने बाजूच्या परातीतल्या कोरड्या पिठाकडे गेला, तेच पोळ्यांना लावायचं, गव्हाचं. "मावशी, खालीसुद्धा माझंच!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडचा ट्रकवाला जेवायचा थांबला. तवा एकच होता, त्यावर पोळ्या होत होत्या. त्यांनी तो घासून, नुसता तापवून घेतला. भाकरी अशी फुगली की नणंदेची पोरं पोळ्या बाजूला सारून माझ्या ताटात हात घालायला लागली. त्यांचे हात पोळीचे, म्हणून तेही थांबवावं लागलं. सोबत दही, कांदा, आणि बिनहिंगाचं भरीत.

घृष्णेश्वराला गेलात तर प्रसादाचं आधीच ठरवून ठेवा. खोबरं, साखरफुटाणे, फळ असेल तर खावं. शिरा असेल तर कपाळाला लावून शेजारच्याला द्यावा. देव समजून घेतो, शेजारचे पाहुणे घेत नाहीत.

शनिवारची संध्याकाळ सगळ्यात अवघड, कारण सगळे थकलेले असतात आणि प्रत्येकाला काहीतरी चमचमीत हवं असतं. आमच्या घरच्यांना नान खलिया लागतो. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असं इकडे सांगतात. नान मैद्याचा, तो त्यांचा. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा. त्यात दाटपणासाठी काय घातलंय हे आचाऱ्याला विचारून, वाढायचा डाव नानाच्या ताटात फिरलेला नाही बघून, मी तो दुपारच्या उरलेल्या भाकरीबरोबर खाते. उत्तर देताना आचारी घुटमळला की उठायचं. दोन वर्षांपूर्वी मी एका हॉटेलात उठले नाही. डोसा म्हणजे तांदूळ आणि उडीद, यात विचारायचं काय असं वाटलं. कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात रवा घातला होता. रविवार लॉजच्या खोलीत गेला आणि कैलास मी नणंदेच्या मोबाइलवर पाहिलं. तेव्हापासून संध्याकाळी खात्री नसेल तर एकच नियम: जे सालीत, टरफलात मिळतं तेच. उकडलेली अंडी आपल्या हाताने सोलून, केळी, मोसंबी, उकडलेले शिंगाडे, भाजलेल्या शेंगा. पोट भरतं, आणि झोप लागते.

रविवार हलका ठेवा. सकाळी विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातली लेणी, तिथे पायऱ्या आहेत आणि खायला काही नाही, म्हणून उरलेली दशमी. मग मकबरा. मग पाणचक्की, जिथे पाण्यावर दगडी चक्की चालवून दर्ग्याच्या लोकांसाठी आणि वाटसरूंसाठी धान्य दळायचे. मी तिच्यासमोर उभी असताना आमचे हे म्हणाले, "विचार, ज्वारीवर गहू टाकायचे का."

परतीच्या गाडीसाठी काहीतरी बाजूला काढून ठेवा, हे दरवेळी राहून जातं. स्टेशनावर समोसा, कचोरी, ब्रेड पकोडा याशिवाय गरम काही दिसत नाही आणि चार तासांच्या प्रवासात नेमकी जालन्याजवळ भूक लागते. मी आता चार केळी आणि चटणीची पुडी सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवते. उरलेलं पीठ घरी आणून वेगळ्या डब्यातच ओता. प्रवासात त्याला कुणाचा हात लागला असेल सांगता येत नाही. त्याच्या भाकऱ्या घरच्यांना.