घर वाढवण्याआधी: कॅलिफोर्नियातील अग्निशमन इम्पॅक्ट शुल्काची तयारी

कॅलिफोर्नियात नवे घर बांधायचे किंवा असलेल्या घराला खोली जोडायची ठरली की आर्किटेक्ट आणि कंत्राटदाराचा खर्च आधी धरला जातो. अग्निशमन जिल्ह्याचे (ठरावीक भागात अग्निशमन सेवा देणाऱ्या स्थानिक संस्थेचे) इम्पॅक्ट शुल्क, म्हणजे नव्या बांधकामामुळे त्या सेवेवर वाढणाऱ्या भारापोटी घेतली जाणारी रक्कम, मात्र परमिट हाती येण्याच्या सुमारास कळते आणि पैशांची धावपळ होते. म्हणून नकाशे पक्के होण्यापूर्वीच ही तयारी करावी.

प्रथम आपली जागा कोणत्या अग्निशमन जिल्ह्यात येते हे काउंटीकडून (शहराहून मोठ्या भागाच्या स्थानिक प्रशासनाकडून) पडताळून घ्यावे. पत्त्यातील शहराच्या नावावर विसंबू नये, कारण शहराची आणि जिल्ह्याची हद्द एकच असेल असे नाही. राज्याच्या कायद्यानुसार जिल्ह्याला हे शुल्क स्वतः लावता येत नाही. शहर किंवा काउंटी त्याच्यासाठी ते लागू करते. त्यामुळे शुल्क लागू करणारा ठराव शहराकडे किंवा काउंटीकडे आणि दरपत्रक जिल्ह्याकडे, असे दोन्हीकडे विचारावे. नकाशे तपासण्याची फी वेगळी असते, तीही त्याच वेळी विचारून घ्यावी.

सर्वाधिक काळजी क्षेत्रफळाची घ्यावी. नकाशाच्या पहिल्या पानावर सध्याचे, पाडायचे आणि नवे बांधकाम यांचे चौरस फूट वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यावेत. एकच एकूण आकडा दिला, तर जुन्या भागावरही शुल्क धरले जाण्याचा धोका राहतो. गॅरेज आणि छप्पर असलेला व्हरांडा मोजतात की नाही, आणि पाडलेल्या भागाची वजावट मिळते का, याचे उत्तर लेखी घ्यावे. आईवडिलांसाठी परसात स्वतंत्र छोटे घर बांधणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे की 750 चौरस फुटांपेक्षा लहान जोडघराला इम्पॅक्ट शुल्क लागत नाही. त्याहून मोठे असेल तर मुख्य घराच्या प्रमाणात शुल्क लागते, म्हणजे 2,000 चौरस फुटांच्या घरामागे 1,000 फुटांचे जोडघर असल्यास निम्मे. नकाशावर थोडी काटछाट करण्याची वेळ हीच असते.

रकमेचा आधार मागणे हा आपला हक्क आहे. शुल्क नव्या बांधकामामुळे वाढणाऱ्या गरजेपुरतेच असावे लागते, जुनी उणीव भरून काढण्यासाठी ते घेता येत नाही. तेव्हा ज्या अभ्यासावरून दर ठरला तो मागून वाचावा. सरसकट लावलेल्या शुल्कालाही घटनेची कसोटी लागू आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये शीट्झ विरुद्ध एल डोराडो काउंटी या खटल्यात स्पष्ट केले. तो खटला रस्त्यांसाठीच्या शुल्काचा होता, तरी तत्त्व तेच.

आकारणी चुकीची वाटली तरी काम अडवून बसू नये. पूर्ण रक्कम भरावी आणि ती निषेध नोंदवून भरत आहोत, असे कारणांसह लेखी कळवावे. हे पत्र मंजुरीच्या वेळी किंवा शुल्क लादल्यापासून 90 दिवसांत पोहोचले पाहिजे. मुदत कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहून ठेवावी. शेवटी पावतीची एक प्रत बांधकाम विभागात द्यावी आणि मूळ पावती परमिटच्या फाइलमध्ये लावावी.