जुन्या डेस्कटॉपला मिडी कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेस जोडताना

पाच पिनांचं मिडी सॉकेट असलेला सिंथ (विजेवर स्वर तयार करणारं वाद्य) किंवा सुस्थितीतला ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरच्या आत-बाहेर नेणारं उपकरण) 'आता कॉम्प्युटरला चालत नाही' म्हणून कपाटात पडलेला दिसला की मला राहवत नाही. वाद्य चांगलं असतं, डेस्कटॉपही चांगला असतो. अडतं ते दोघांच्या मधल्या एखाद्या सांध्यावर. तो शोधायचा तर एका टोकापासून निघायचं आणि एक सांधा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. मी बरीच वर्षं अशाच जुन्या सामग्रीवर गाणी रेकॉर्ड करतो आहे. खाली लिहिलंय ते त्या कामातून आलेलं आहे.

सुरुवातीलाच दोन रस्ते वेगळे समजून घ्या. मिडी ही वाद्यांनी कॉम्प्युटरशी बोलायची ठरलेली पद्धत, तिच्या तारेतून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली एवढीच माहिती जाते. आवाज जातो तो ऑडिओच्या तारेतून. 'कीबोर्ड जोडला पण काही ऐकू येत नाही' म्हणणाऱ्या कित्येकांची मिडीची बाजू व्यवस्थित चाललेली असते, फक्त त्या माहितीचा आवाज करणारं सॉफ्टवेअर उघडलेलं नसतं.

आधी मशीन

तारा जोडण्यापूर्वी घड्याळ पाहा. कॉम्प्युटर दर वेळी चुकीची तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली आहे. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, आणि ज्यांना गेम पोर्ट (जॉयस्टिकचं जुनं सॉकेट) किंवा जुनी कार्डं वापरायची आहेत त्यांच्या बायॉसमधल्या (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या) सेटिंगही पुसल्या जातात. बॅटरी बदलणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

मग ऑपरेटिंग सिस्टम ३२ बिट आहे की ६४ बिट, ते पाहून ठेवा. ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) ६४ बिट विंडोजवर चालत नाही, त्याला कुठलाही उपाय नाही. शिवाय ६४ बिट विंडोजला व्हिस्टापासून ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. उपकरणाचा शेवटचा ड्रायव्हर एक्सपीच्या काळातला असेल, तर सरळ एक्सपीच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७चा जानेवारी २०२० मध्ये संपला. तेव्हा अशा मशीनची नेटवर्कची केबल काढून टाका. ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हने आणा. तसंही जुन्या ब्राउझरला आजच्या बहुतेक साइट उघडत नाहीत.

दुसरा मार्ग लिनक्सचा. उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेली अनेक उपकरणं तिथे आजही चालतात, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातच, असतात. एम-ऑडिओची डेल्टा मालिकेतली पीसीआय कार्डं हे माझं आवडतं उदाहरण. त्यांच्यातली आयसीई१७१२ चिप अल्सा, म्हणजे लिनक्सची आवाजाची यंत्रणा, फार पूर्वीपासून ओळखते. जुना पीसीआय स्लॉट असलेला डेस्कटॉप हाताशी असेल, तर या कार्डांसारखा भरवशाचा सोबती मिळणं कठीण.

मिडीची बाजू

मिडीचं प्रमाणीकरण १९८३ मधलं. पाच पिनांच्या तारेतून माहिती सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जाते. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. एक स्वर सुरू करायला तीन बाइट, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. दहाही बोटं एकदम दाबली तरी शेवटचा स्वर दहा मिलिसेकंदांच्या आत पोचतो. हा हिशेब मुद्दाम मांडला, कारण 'मशीन जुनं आहे म्हणून मिडी अडखळतं' हे मी सतत ऐकतो. एवढ्याशा माहितीला कुठलाही डेस्कटॉप पुरेसा आहे.

जोडणीचा नियम एकच: एकाचं आउट दुसऱ्याच्या इनमध्ये. गोंधळ होतो तो यूएसबी-मिडी केबलमुळे. तिच्या दोन प्लगांवर इन आणि आउट लिहिलेलं असतं, पण ते कॉम्प्युटरच्या बाजूने म्हटलंय की कीबोर्डच्या, हे प्रत्येक बनावटीत वेगळं. काही दिसत नसेल तर दोन्ही प्लगांची अदलाबदल करा. भीती बाळगू नका, मिडीच्या इनमध्ये प्रकाशावर चालणारा ऑप्टो-आयसोलेटर असतो आणि उलट जोडल्याने काही जळत नाही. मात्र अगदी स्वस्त केबलींमध्ये हा आयसोलेटरच गाळलेला असतो, आणि काही केबली सिसेक्सचे (ठराविक वाद्याच्या सेटिंग नेणारे) लांब संदेश मधेच तोडतात. नुसते स्वर वाजवण्यापुरत्या त्या चालतील, पण सिंथमधले पॅच, म्हणजे तयार केलेले आवाज, कॉम्प्युटरवर साठवायचे असतील तर चांगला मिडी इंटरफेसच घ्या.

जुन्या साउंड कार्डाच्या मागे पंधरा पिनांचा गेम पोर्ट असेल, तर जॉयस्टिकबरोबर मिडीही त्यातूनच जातं: १२व्या पिनेवरून बाहेर, १५व्या पिनेवरून आत. पण नुसत्या तारा जोडून भागत नाही. मिडी करंटवर चालतं आणि गेम पोर्टवर ऑप्टो-आयसोलेटर नसतो, त्यामुळे आत सर्किट असलेली खास केबल लागते. मदरबोर्डवरचाच पोर्ट असेल तर बायॉसमध्ये गेम पोर्ट आणि मिडी पोर्ट दोन्ही सुरू करून मिडीचा पत्ता ३३० ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ते एमपीयू-४०१ नावाने दिसेल. हे एक्सपीपर्यंतच. विंडोज व्हिस्टाने गेम पोर्टचा सपोर्ट काढून टाकला.

आता तपासणी, आणि ती रेकॉर्डिंगच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये करू नका. विंडोजवर मिडी-ऑक्स हा मिडीचे संदेश दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. इनपुट निवडा, एक पट्टी दाबा. दाबल्यावर एक ओळ, सोडल्यावर दुसरी ओळ दिसली की इथपर्यंतचा रस्ता पक्का झाला. मधल्या सा-ला, म्हणजे पाश्चात्त्य मिडल सीला, स्वरक्रमांक ६० दिसायला हवा. काहीही न दाबता ओळी धावत असतील तर तो बिघाड नाही. कित्येक कीबोर्ड आपण जोडलेलो आहोत हे सांगायला दर ३०० मिलिसेकंदांच्या आत एक संदेश पाठवत राहतात. फिल्टरमधून 'अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंग' बंद करा म्हणजे पडदा शांत होईल.

इथे एक्सपीची एक जुनी अडचण सांगायलाच हवी. यूएसबीचं मिडी उपकरण वेगळ्या पोर्टला लावलं की विंडोज त्याची नवी नोंद करते आणि जुनी तशीच ठेवते. मिडीसाठी जागा दहाच. त्या भरल्या की उपकरण डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नीट चालू आहे' असं दिसतं, पण सॉफ्टवेअरच्या यादीत येतच नाही. उपाय असा: न जोडलेली उपकरणं दाखवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (devmgr_show_nonpresent_devices) १ करा, डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगा आणि साउंडच्या शाखेतल्या फिकट झालेल्या जुन्या नोंदी एकेक करून काढा. त्यानंतर उपकरण कायम एकाच पोर्टला लावा. मी पोर्टशेजारी कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहून ठेवतो.

मिडी पोचतंय पण पट्टी दाबल्यावर आवाज रेंगाळत येतो? विंडोजचा आपला जीएस वेव्हटेबल सिंथ निवडलेला असणार. तो मुळातच उशिरा बोलतो, त्यात कीबोर्डचा दोष नाही. आणि प्रत्येक स्वर दुहेरी वाजत असेल तर कीबोर्डवरचं 'लोकल कंट्रोल' (पट्ट्या कीबोर्डच्या स्वतःच्या आवाजाला जोडणारी सेटिंग) बंद करा.

आवाजाची बाजू

साउंड कार्डाच्या गुलाबी सॉकेटमध्ये कीबोर्डचं आउटपुट घालू नका. ते माइकसाठी आहे, त्यावर माइकला लागणारा व्होल्टेज असतो आणि आत येणारा आवाज फार वाढवला जातो. निळं सॉकेट वापरा.

यूएसबी इंटरफेस घेताना क्लास कम्प्लायंट आहे का ते बघा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण त्यातही पिढ्या आहेत. यूएसबी ऑडिओची पहिली आवृत्ती १९९८ मधली, ती एक्सपीलाही कळते. दुसरी त्यानंतरची, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये थेट आला तो २०१७ मध्ये, विंडोज १०च्या एका अपडेटबरोबर. म्हणजे अलीकडचा इंटरफेस विंडोज ७च्या मशीनला लावायचा तर उत्पादकाचा ड्रायव्हर हवाच. तो मिळत नसेल तर लिनक्स. मशीनचे पोर्ट यूएसबी १.१चे असतील तर वेग सेकंदाला १२ मेगाबिट एवढाच, तेव्हा ४८ किलोहर्ट्झवर दोन चॅनेल आत आणि दोन बाहेर, यापेक्षा जास्त धरू नका.

इंटरफेस मधूनच गायब होत असेल तर तो पुढच्या पोर्टवरून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो. फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला दिली जाणारी वीज) सुरू केल्यावरच बंद पडत असेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब मध्ये घाला.

फायरवायरबद्दल, म्हणजे यूएसबीसारख्या दुसऱ्या जुन्या जोडणीबद्दल, थोडक्यात. कार्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं बरं. सहा पिनांतून वीज मिळते, चार पिनांतून नाही. मशीन चालू असताना प्लग काढू-घालू नका. विंडोज ७वर तुटक आवाज येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचा 'लेगसी' लिहिलेला ड्रायव्हर निवडून बघा.

आता बफर, म्हणजे आवाजाचे नमुने साठवून एकदम पुढे पाठवायचा तुकडा. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६, आणि हा उशीर आत येताना वेगळा, बाहेर जाताना वेगळा. जुन्या मशीनवर मी वाजवताना २५६ ठेवतो आणि मिक्सिंगला १०२४. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकवू नका, त्याने सूर आणि लय दोन्ही डळमळतात. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबा म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये न शिरता थेट हेडफोनवर येतो. आसिओ ड्रायव्हर (कमी उशिराने चालणारा ऑडिओ ड्रायव्हर) नसलेल्या कार्डासाठी आसिओ४ऑल लावा.

बफर वाढवूनही कटकट येत राहिली, तर दोष प्रोसेसरला देण्याआधी आणखी दोन ठिकाणी पाहा. पहिलं वायफाय. डिव्हाइस मॅनेजरमधून ते बंद करा आणि पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'वर न्या. दुसरं हार्ड डिस्क, आणि हे फार थोडे लोक पाहतात. आयडीई (जुन्या, रुंद पट्टीसारख्या केबलच्या) डिस्कवर वाचताना वारंवार चुका झाल्या की एक्सपी तिचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवत शेवटी पीआयओ मोडवर आणते. मग डिस्कचं प्रत्येक काम प्रोसेसरच्या डोक्यावर बसतं, माउससुद्धा अडखळतो आणि मशीन म्हातारं झालं असं आपण ठरवून टाकतो. प्रायमरी आयडीई चॅनेलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'अल्ट्रा डीएमए' दिसायला हवं. पीआयओ दिसलं तर ते चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू करा, विंडोज ते नव्याने ओळखेल. पुन्हा पीआयओवर गेलं तर डेटा केबल बदला, आणि तरीही गेलं तर डिस्कच बदला.

सतत खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येणं ही वेगळी गोष्ट. सिंथ आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तरी राहिली तर ऑडिओच्या तारेत ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स घाला. प्लगची अर्थिंगची पिन काढून घरघर घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

सगळं जुळलं की त्याच दिवशी क्लोनझिला या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि ड्रायव्हरच्या मूळ फाइलही तिथेच ठेवा. उत्पादकांच्या साइटवरून जुने ड्रायव्हर केव्हाही काढून टाकले जातात. मग ती इमेज एखाद्या रिकाम्या डिस्कवर परत उतरवून मशीन सुरू होतं का, मिडी-ऑक्समध्ये ओळी येतात का, तेही लगेच पाहून घ्या.