अटलांटिक सिटीला जाण्याआधी टॅक्सचं एवढं वाचून जा

न्यू जर्सीत नवं घर लावून झालं, आई-बाबा पहिल्यांदा आले, की नायगारा होतो आणि मग एक फेरी अटलांटिक सिटीची. बोर्डवॉकवर फिरायचं, समुद्र बघायचा आणि 'सहज' म्हणून कॅसिनोत शिरायचं. जाऊ नका असं मी सांगणार नाही. पण मशीनवर मोठी रक्कम लागली की ते मशीन अडकतं, अटेंडंट येतो, ओळखपत्र आणि एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मागतो. त्या गडबडीत आपली माणसं नको ते करून बसतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतोय.

अमेरिकेत जुगारात जिंकलेला प्रत्येक डॉलर उत्पन्नात धरतात. पन्नास लागले तरी. डब्ल्यू-२जी हा फॉर्म म्हणजे कॅसिनोने आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, दिलेली वर्दी, एवढंच. स्लॉट मशीनवर ही वर्दी कित्येक वर्षं १,२०० डॉलरपासून जायची, २०२६ पासून ती २,००० पासून जाते. म्हणजे दोन हजारांच्या आतलं टॅक्स-फ्री झालं असं नाही, फक्त कागद निघत नाही.

खरी गंमत पुढे आहे. समजा एकाच मशीनवर ३,००० डॉलर लागले. किती हातात येतील हे कोणाला लागले यावर ठरतं.

तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर दोन-तीन वर्षं इथे असाल, तर टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही रेसिडेंट. एसएसएन दिलात की पूर्ण ३,००० हातात पडतात आणि सोबत डब्ल्यू-२जी. काही कापलेलं नसतं, त्यामुळे 'सुटलो' असं वाटतं. एप्रिलमध्ये ती रक्कम १०४० या वार्षिक रिटर्नच्या शेड्यूल १ या पुरवणीवर दाखवून पगारात मिळवावी लागते. २२ टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर ६६० डॉलर फेडरल, शिवाय राज्याचा टॅक्स वेगळा. वेगासला जिंकलात तरी सुटका नाही. नेवाडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण तुम्ही राहता न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात, आणि ते राज्य आपला वाटा मागतंच. रिटर्नमध्ये दाखवायचं राहिलं, तर वर्ष-दीड वर्षाने आयआरएसचं सीपी२००० नावाचं पत्र येतं, व्याजासकट.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या भाच्याला तेच ३,००० लागले तर? विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा नॉन-रेसिडेंट असतो. त्याचे ३० टक्के जागेवर कापले जायला हवेत: ९०० गेले, २,१०० हातात, आणि डब्ल्यू-२जीऐवजी १०४२-एस हा फॉर्म. काही देशांच्या रहिवाशांना टॅक्सच्या करारामुळे यातून सूट आहे. भारताच्या करारात ती नाही. हरलेले पैसेही त्याला वजा करता येत नाहीत. मात्र ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रूलेट आणि बिग-सिक्स व्हील या पाच खेळांतली जीत नॉन-रेसिडेंटला करमुक्त आहे. म्हणजे तुम्ही ब्लॅकजॅकवर जिंकलात तर टॅक्स, शेजारी बसलेला भाचा जिंकला तर नाही. कायदा असाच आहे.

बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेले बाबाही भाच्याच्याच रांगेत: स्लॉटवर ३० टक्के. शिवाय ते भारतात रेसिडेंट असल्याने तिकडच्या रिटर्नमध्येही ही रक्कम दाखवावी लागते. इथे कापलेल्याचं क्रेडिट तिथे मागायचं, म्हणून १०४२-एस जपून ठेवा. आणि इथेच तो मोह होतो. 'बाबा, तुम्ही बाजूला व्हा, मी माझ्या नावावर घेतो.' हे करू नका. बटण कोणी दाबलं हे कॅमेऱ्यात असतं, आणि फॉर्मवर तुम्ही खोटी सही केलेली असते. चौघांनी खरोखर वर्गणी काढून खेळलात, तर त्यासाठी ५७५४ नावाचा सरळ फॉर्म आहे. त्यावर प्रत्येकाचा हिस्सा लिहिला की फॉर्म ज्याच्या त्याच्या नावाने निघतात.

नुकतंच एच-१बी घेऊन १ ऑक्टोबरला उतरलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. त्या वर्षी रेसिडेंट ठरायला लागणारे अमेरिकेतले १८३ दिवस भरत नाहीत, त्यामुळे डिसेंबरमधल्या वेगास ट्रिपला बहुतेक जण नॉन-रेसिडेंटच असतात. कॅसिनोवाला एसएसएन बघून पूर्ण पैसे देईल. ३० टक्क्यांचा हिशेब १०४०-एनआर या नॉन-रेसिडेंटच्या रिटर्नवर तुम्हालाच करायचा आहे.

आता 'मी जिंकलो त्याहून जास्त हरलोय' या प्रश्नाकडे. रेसिडेंटला तोटा वजा करता येतो, पण आयटमाइझ केलं, म्हणजे वजावटी एकेक करून मांडल्या, तरच, आणि जिंकलेल्या रकमेपुरताच. २०२६ मध्ये नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे त्याऐवजी मिळणारी सरसकट वजावट, ३२,२०० डॉलर आहे. अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या जोडप्याचं आयटमाइझ केलेलं बहुधा त्याच्या जवळपासही जात नाही. मग जिंकलेले ४,००० उत्पन्नात, हरलेले ६,००० हवेत विरले. त्यात जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने २०२६ पासून तोट्याचा फक्त ९० टक्के भाग धरायचा ठरवलंय. वर्षभरात २०,००० जिंकलात आणि २०,००० हरलात, तर वजा होणार १८,०००. खिशात शून्य आणि टॅक्स मात्र उरलेल्या दोन हजारांच्या उत्पन्नावर! मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण भरायचा तर आहे.

नियमित जाणाऱ्यांनी वही ठेवावी: तारीख, कॅसिनो, कोणता खेळ, किती लावले, किती आले. प्लेअर्स कार्ड वापरत असाल तर वर्षाअखेरीस विन-लॉस स्टेटमेंट मिळतं. ते वहीला जोड म्हणून चांगलं, वहीऐवजी नाही.

सोडतीत गाडी लागली तर आनंदात फोटो काढण्याआधी हिशेब करा. बक्षिसाची बाजारभावाने किंमत उत्पन्नात येते. ४०,००० ची गाडी, २२ टक्क्यांनी ८,८०० फेडरल टॅक्स, आणि तो रोख. गाडीऐवजी पैसे देता का, हे निःसंकोच विचारावं. बक्षीस नाकारताही येतं.

रोखीबद्दल एकच: दिवसाभरात १०,००० डॉलरच्या वर रोख व्यवहार झाला की कॅसिनो सरकारला कळवतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ते टाळायला रक्कम तुकड्यांत काढणं मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, पैसे कष्टाचे असले तरी.

डिसेंबरात भारतात जाऊन गोव्याला मांडवीतल्या बोटींवर खेळणारेही आपल्यात पुष्कळ. तिथे १०,००० रुपयांच्या वर लागलं की ३० टक्के आणि वर सेस जागेवर कापतात, तोटा वजा करायची सोय नाही. इथे रेसिडेंट असाल तर तीच रक्कम डॉलरमध्ये १०४० वरही येते. तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मागायचं. त्यासाठी टीडीएसचं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा बोटीवर असतानाच त्यांना पॅन नंबर देऊन ठेवा.